खालच्या आवाजाच्या बायका, कराओके आणि पट्टी : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा वाचताना जरा राग आला होता म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. आता देतेय, आणि लांबलंय.

बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगते. खालच्या, जाड आवाजाच्या बायकांनी कराओकेला झेपतील अशी गाणी कशी निवडावीत यावर मी लिहिलं होतं. ताई स्वतः गाणं शिकवतात, त्यांचं म्हणणं असं की पट्टी उतरवणं ही पळवाट आहे, रियाज केला की कुठलाही आवाज वर जातो, मूळ पट्टी सोडली की गाण्याचा जीव जातो, आणि आवाज एवढाच भारी असेल तर सरळ पुरुषांची गाणी म्हणा, एवढं पुराण कशाला. शिवाय त्यांची एक विद्यार्थिनी ते वाचून म्हणाली की मला काळी चारमधे (म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गायचंच नाही. आणि शेवटी टोमणा, की एवढं लिहून एका गाण्याचं नाव नाही.

रियाजाचं आधी घेते. रियाजाने आवाज वर जातो हे खरंच आहे, वरचे दोनतीन स्वर मिळतात, कधी जास्तही, दम सुधारतो, स्वर हलायचा थांबतो. पण स्वरतंतूंची लांबी जाडी काही रियाजाने बदलत नाही ना. बहुतेक बायकांचा बोलायचा आवाज साधारण 200 हर्ट्झच्या आसपास असतो, पुरुषांचा 120 च्या आसपास, आणि आमच्यासारख्या काहीजणी 160-170 ला बोलतात. (फोनवर मला रोज कोणीतरी 'हां बोला सर' म्हणतंच, आता मी दुरुस्तही करत नाही.) या आवाजाला रियाजाने तार सप्तकातला पंचम (वरच्या सप्तकातला प) एकदा लावता येईल, मान्य, पण एकदा लावणं वेगळं आणि अख्खा अंतरा तिथेच लटकून राहणं वेगळं. तुमचा सगळा मुद्दा वरच्या टोकाच्या एका स्वराभोवती फिरतोय, माझा मुद्दा गाणं बहुतेक वेळ कुठे वावरतं हा होता. एखाद्या गाण्यात उंच स्वर एकदाच येतो आणि तो वीज चमकल्यासारखा घेऊन खाली उतरता येतं, ते गाणं खालच्या आवाजाला जमतं. दुसऱ्या गाण्यात तेवढा उंच स्वर नसतोच, पण ध्रुवपद सारखं मधल्या सा च्या वर, म प ध च्या घरात घुटमळतं, नेमकं जिथे आपला छातीचा आवाज संपून डोक्यातला आवाज सुरू होतो तिथे, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत घसा बसतो. कागदावर दुसरं गाणं सोपं दिसतं म्हणूनच लोक फसतात.

आणि कराओकेला येणारी बाई म्हणजे तुमच्या क्लासची विद्यार्थिनी नव्हे हो. ती ऑफिस करून येते, तासभर मोठ्या आवाजातल्या म्युझिकवर ओरडून गप्पा मारते आणि मग माईक हातात घेते. तिला दोन वर्षं रियाज कर मग ये असं सांगायचं का?

मूळ पट्टीचं. शास्त्रीय गाणारा प्रत्येकजण आपल्या आवाजाप्रमाणे षड्ज ठरवतो, तुम्हीही पहिल्याच दिवशी मुलीचा सा कुठला ते बघूनच शिकवायला बसत असणार. मग सिनेमाच्या गाण्याचीच पट्टी देवाने दिल्यासारखी का मानायची? मूळ गाणाऱ्या बाईला ती सोयीची होती म्हणून ती ठेवली, एवढंच. शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल (1913-2009) यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड ऐका आणि नंतरच्या ऐका, घशाच्या त्रासानंतर आवाज केवढा खाली आला, बाई खालच्या सा वरून गात राहिल्या आणि त्या आवाजाला कोणी पळवाट म्हटलं नाही. सिनेमात गाणाऱ्या शमशाद बेगम, उषा उथुप यांचे आवाजही काही नाजूक नव्हेत. मधे बरीच वर्षं सिनेमात उंच आणि बारीक आवाजाचंच राज्य होतं म्हणून आपल्या कानाला बाईचा आवाज म्हणजे तसाच अशी सवय लागलीय, बाकी काही नाही.

तुमच्या विद्यार्थिनीचंच घ्या. काळी चारमधून पांढरी चारमधे यायचं म्हणजे कराओकेच्या मशीनवर 'की'चं (पट्टीचं) बटण तीनदा खाली दाबायचं, बहुतेक ठिकाणी एक दाब म्हणजे एक अर्धस्वर. काळी चारमधे तार पंचम साधारण 622 हर्ट्झला येतो, पांढरी चारमधे 523 ला. कागदावर फरक छोटा वाटतो, घशाला विचारा. बरं, किती उतरवायचं यालाही मर्यादा आहे आणि ते मी लिहिलंही होतं, तुम्ही बहुधा तिथपर्यंत वाचलं नसावं. रेकॉर्ड केलेला ट्रॅक तीनचार घरांपेक्षा (एक घर म्हणजे एक अर्धस्वर) जास्त खाली नेला की तबला भसाडा वाजतो, आणि ट्रॅकमधे कोरस असेल तर तो कोरस राक्षसांचा वाटायला लागतो, हसू आवरत नाही. मिडी ट्रॅक असेल तर हा त्रास कमी, कारण तिथे स्वरच नव्या पट्टीत वाजवले जातात, आवाज ताणला जात नाही.

आता पुरुषांची गाणी म्हणा हे. हे सगळेच सांगतात आणि इथेच जास्त गोची होते. पुरुषाचं गाणं काळी एकमधे असेल तर त्याचा सा साधारण 139 हर्ट्झला. तो आहे तसा धरला तर मुखडा कदाचित निघेल पण जिथे चाल मंद्र पंचमाला (खालच्या सप्तकातल्या प ला) जाते तिथे 104 हर्ट्झ लागतो, तिथे आमच्यासारख्यांचाही नुसता वारा येतो. मग बाई घाबरून एक सप्तक वर उडी मारते, आणि गाणं एकदम तिच्या नेहमीच्या गाण्यापेक्षाही उंच होतं! म्हणून पुरुषाचं गाणं घ्या, जरूर घ्या, पण ते तीनचार घरं *वर* न्या. सगळ्यांना वाटतं खालचा आवाज म्हणजे बटण कायम खालीच दाबायचं, तसं नाहीये. युगलगीतात तर मी बिनधास्त पुरुषाच्या ओळी घेते आणि बाईच्या ओळी बारीक आवाजाच्या मैत्रिणीला देते, लोक दोन मिनिटं गोंधळतात मग टाळ्या वाजवतात.

गाण्यांची नावं का दिली नाहीत, तर नावं दिली की लोक नावंच पाठ करतात. शिवाय एकाच गाण्याचे चार ट्रॅक चार पट्ट्यांत मिळतात, आणि दोन जाड आवाजांच्या बायकांतही एकीचा खालचा म भरीव असतो तर दुसरीचा तिथे पोकळ लागतो. त्यापेक्षा हे करा: गाणं आवडलं की मुखडा गुणगुणू नका, थेट अंतरा म्हणून बघा. आपल्याकडच्या गाण्यांत मुखडा लाघवी असतो आणि अंतरा मारतो, सगळा घात तिथे. अंतऱ्यात मान ताठली, हनुवटी वर गेली की दोन घरं खाली. मग सगळ्यात खालची ओळ म्हणा, शब्द ऐकू येत नसतील तर एक घर परत वर. या दोन्हींच्या मधे जे बसतं ते तुमचं गाणं, आणि जे कुठेच बसत नाही ते ऐकायचं गाणं, त्यावर जीव असला तरी. गझलेच्या अंगाची, बोलल्यासारखी, शब्दांवर चालणारी गाणी सहसा बसतात. आलापीने भरलेली, शेवटी वर चढत जाणारी बसत नाहीत. हे सगळं दिवसभर बोलून झाल्यावर संध्याकाळी तपासा, सकाळी उठल्या उठल्या आवाज तसाही खाली असतो आणि आपण उगाच खूष होतो.

माईकबद्दल मागे लिहायचं राहूनच गेलं होतं, ते या निमित्ताने. खालच्या ओळीला माईक ओठांजवळ आणा, बहुतेक हातातल्या माईकना जवळून खर्ज जास्त मिळतो, त्यामुळे हळू गायलेला खालचा स्वरही भरून येतो. वरच्या ओळीला थोडा लांब. आणि एको कमी करायला सांगा, बारीक आवाजाला तो शोभतो, जाड आवाजाचे शब्द त्यात चिखलात रुततात. (आवाज जन्मापासून नव्हे तर अलीकडेच घोगरा झाला असेल आणि तीन आठवड्यांत सुधारत नसेल तर मात्र पट्टी नका शोधू, घशाच्या डॉक्टरकडे जा.)

तुमच्या त्या मुलीला एकच गाणं काळी चार आणि पांढरी चार दोन्हीत गायला लावा, फोनवर रेकॉर्ड करा, आणि दोनचार दिवसांनी अंतरेच फक्त लागोपाठ ऐका. पट्टी कुठली याकडे लक्ष देऊ नका, शब्द कुठल्या रेकॉर्डिंगमधे कळतायत ते बघा. मग इथेच येऊन लिहा काय निघालं ते. काळी चार जिंकली तर तेही लिहा, मी ते खाली दडपणार नाही.