आजी ‘ऑब्सोलीट’ नसते

माझी भाची नववीत आहे. परवा तिच्या वहीत आजीवरचा इंग्रजी निबंध वाचला. पहिलंच वाक्य : ‘माय ग्रँडमदर इज ऑब्सोलीट.’ म्हटलं, हे काय गं? तर म्हणाली, ‘‘मावशी, ‘ओल्ड’ लिहायचं नसतं. बेसिक शब्द आहे तो.’’

हे ज्ञान आमच्याच फॅमिली ग्रुपवरून आलेलं. ‘१०० दिवसांत ३००० अ‍ॅडव्हान्स्ड इंग्रजी शब्द’ असा तो मेसेज. रोज ३० शब्द अर्थासकट पाठ करा, सोप्या शब्दाच्या जागी भारी शब्द घाला म्हणजे परीक्षक जास्त मार्क देतात, शब्दांची मुळं शिका, आणि घरात मराठी बंद करा. खाली हात जोडून ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’. पोहोचला की! ताईने तर त्याची प्रिंट काढून फ्रिजवर लावलीय.

आधी त्या भारी शब्दांचं बघू, कारण खरं नुकसान तिथेच आहे. ऑब्सोलीट म्हणजे वापरातून गेलेलं. पेजर, फ्लॉपी, तार. मराठीत ‘म्हातारी आजी’ऐवजी ‘जीर्ण आजी’ लिहिलं तर बाई वहीवर काय शेरा मारतील? त्याच यादीत ‘थिन’च्या पुढे ‘इमॅशिएटेड’ आहे, म्हणजे उपासमारीने किंवा आजाराने खंगलेला. पोरीने हा शब्द वडिलांना लावला असता तर शाळेतून घरी फोन आला असता.

आणि परीक्षक खूश होतात म्हणे. डॅनिएल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाने हेच तपासलं होतं. विद्यापीठात प्रवेशासाठी लिहिलेले निबंध घेतले, त्यांतले साधे शब्द काढून समानार्थी कोशातले लांबलचक शब्द घातले आणि ते विद्यार्थ्यांना वाचायला दिले. शब्द जितके अवजड, तितकी ‘याला प्रवेश द्या’ म्हणणाऱ्यांची तयारी कमी. विनाकारण जड लिहिणारा वाचणाऱ्याला कमी हुशार वाटतो, असा २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शोधनिबंधाचा निष्कर्ष. वाचणारे अमेरिकेतले होते, आपले बोर्डाचे परीक्षक नव्हेत, हे मान्य. पण मेसेजवाल्याकडे तर तेवढंही नाही.

रोज ३० शब्द? अकराव्या दिवशी मागचे ३०० कोण उजळणार? पाठ केलेलं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने विसरतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलंय. शिवाय शब्द कुठले निवडावेत, यावर डोकं चालवलेली माणसं आहेत. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या भाषा-अभ्यासक बाईंनी २००० साली अभ्यासाच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ५७० शब्दकुलांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) यादी केली. अ‍ॅनलाइज, अस्यूम, डिराइव्ह, सिग्निफिकंट असले शब्द. विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत हेच अडतात. फ्रिजवरच्या कागदावर यातला एकही नाही.

मुळं शिका, हे मात्र बरोबर आहे. नाइलाजाने म्हणते, पण बरोबर आहे. ‘सु’ आणि ‘दुर्’ कळले की सुगंध-दुर्गंध जसे आपोआप कळतात, तसंच इंग्रजीतल्या ‘बेने’ (चांगलं) आणि ‘मॅल’ (वाईट) यांचं. फक्त डोळे उघडे ठेवा. हायवेवर टँकरच्या मागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं, म्हणजे चटकन पेट घेणारं. ‘इन’ म्हणजे नाही, असं घोकलेल्या पोराला वाटेल की हा टँकर पेटत नाही!

राहता राहिलं घरात मराठी बंद करणं. आमच्या घरात हा नियम बरोब्बर दीड दिवस टिकला, कारण आजीला ‘पास द सॉल्ट’ कळेना आणि मीठ काही ताटात येईना. त्याच आठवड्यात भाची धड्यातल्या ‘रिलक्टंट’ शब्दावर अडली. कोशात ‘अनिच्छुक’. पाठ झाला, पण डोळ्यांसमोर काही येईना. मी दोन-तीन वाक्यं करून दाखवली, तरी ‘कळलं’ म्हणाली ती नुसती मानेनेच. माझी आई, म्हणजे तिची आजी, तिकडे शेंगा सोलत होती. तिने विचारलं, ‘‘काय गं, तो मुलगा जायला तयार होता की नव्हता?’’

‘‘गेला, पण मनातून नव्हतं जायचं.’’

‘‘मग आढेवेढे घेत गेला म्हण की!’’

भाचीने ‘अनिच्छुक’ खोडून त्याच्यावर ‘आढेवेढे घेणारा’ लिहिलं.