खाऊन संपली असती तर भिगवणला चिलापी उरलीच नसती

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरून फिरून येतो. सार असं: भीमेवरच्या उजनी धरणात चिलापी (तिलापिया), थाई मांगूर आणि सकर (टाकीतला काच साफ करणारा मासा) या परक्या माशांनी थैमान घातलंय, आपले मासे संपत चाललेत. उपाय सोपा आहे. लोकांनी हे मासे खावेत, सरकारने त्यांना भाव बांधून द्यावा. मासा आपोआप संपेल, नदी वाचेल, मच्छिमाराच्या हाती चार पैसे पडतील. खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

आधीच सांगतो, मी चिलापी आवडीने खातो. सोलापूर रस्त्याने जाताना भिगवणला तळलेल्या चिलापीसाठी गाडी थांबतेच. त्यामुळे हे नाक मुरडणं नव्हे.

‘खाल्ला की संपतो.’ हा प्रयोग उजनीवर कधीच होऊन गेलाय. धरण 1980 साली पूर्ण झालं. भिगवण आणि इंदापूरच्या बाजारात चिलापी कित्येक वर्षं रोज विकली जाते, ढाब्यांच्या पाट्यांवर तिचं नाव कटल्याच्या आधी येतं. तरी जाळ्यात सगळ्यात जास्त तीच. याचं कारण तिच्या वीणीत आहे. मोझांबिक चिलापीची मादी अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे दुसऱ्या माशांची पिल्लं जिथे फस्त होतात तिथे हिची तगतात. दोन-तीन महिन्यांची झाली की ती विण्यालायक होते आणि वर्षातून अनेकदा विते. बाजाराला हवी ती ताटभर मोठी. मोठी काढली की मागे राहिलेल्यांना खाणं आणि जागा दोन्ही जास्त मिळतात.

मग लहानही पकडा, असं कुणी म्हणेल. त्यासाठी बारीक आसेचं, म्हणजे बारीक छिद्रांचं जाळं लागतं, आणि वडापने, म्हणजे अशाच ओढायच्या जाळ्याने बारीक मासळी काढण्यावरून उजनीत आधीच भांडणं आहेत. त्या जाळ्याला चिलापीचं पिल्लू कुठलं आणि मरळीचं कुठलं हे कळत नाही. चिलापी संपवायला निघालेलं जाळं मरळ, वाम, आहेर आधी संपवेल, कारण त्यांची भर चिलापीच्या वेगाने होत नाही.

जाता जाता: ज्या कटला, रोहू, मृगळला आपण ‘आपले’ म्हणतो ते मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. भीमेत त्यांना माणसांनीच आणून सोडलं. आणि चिलापीही चोरून आली नाही. 1952 साली ती देशात रीतसर आणली गेली, आणि तिचा प्रसार थांबवायचं ठरलं 1959 साली. सात वर्षांत ती व्हायची तेवढी पसरली होती.

‘भाव मिळाला की मासा हटेल.’ मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे वाक्य. भाव मिळालेली वस्तू माणूस संपवत नाही, वाढवतो. थाई मांगूर बघा. नाव थाई, मूळ आफ्रिकेचं. 2000 साली बंदी आली, 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुन्हा आदेश दिला, राज्यात तळी शोधून मासे नष्ट करावे लागले. बंदीनंतरही ती तळी होती, कारण मांगूर कत्तलखान्याच्या टाकाऊ मालावर झपाट्याने वाढतो आणि विकला जातो. पावसाळ्यात तळं फुटलं की तो ओढ्यातून नदीत.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. 1950च्या दशकात तिथे नाईल पर्च सोडला, त्याने स्थानिक लहान माशांच्या कित्येक जाती गिळल्या. मग त्याचे तुकडे युरोपला जाऊ लागले, कारखाने उभे राहिले. आणि पर्च कमी होऊ लागला तेव्हा 50 सेंटिमीटरपेक्षा लहान पर्च पकडू नये असे नियम आले. म्हणजे उपद्रवी माशाच्या पिल्लांना कायद्याचं संरक्षण. बाजाराने त्याला तिथला मालक करून टाकलं.

‘सकरही खाण्याजोगा आहे.’ आहे. ॲमेझॉनच्या काठावर, म्हणजे त्याच्या मूळ गावी, लोक तो खातात. पण तिथलं पाणी आणि उजनीचं पाणी एक नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, उन्हाळ्यात जलाशय हिरवागार होतो. सकर तळाचं शेवाळ आणि गाळ खरवडून जगतो. जकार्ताच्या चिलिवुंग नदीतल्या सकरमध्ये जड धातू आढळलेत. उजनीतला सकर ताटात घ्यायचा तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, मजकूर पुढे पाठवणाऱ्याच्या भरवशावर नव्हे.

राहिले मच्छिमाराचे ‘चार पैसे’. सकरचं अंग कवचाचं, परांना काटे. जाळ्यात शिरला की सोडवताना जाळं कापावं लागतं. डोकं आणि कवच काढल्यावर मांस उरतं थोडंसं. काठावर फेकला तर कित्येक तास जिवंत राहतो, पाणी जवळ असेल तर परत जातो. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो धरणात तो शिरला तेव्हा तिथल्या मच्छिमारांचं उत्पन्न बुडालं. गंमत म्हणजे त्यांचं उत्पन्न चिलापीचंच होतं, तीही बाहेरून आणलेली! सकरचं पीठ करा, त्याला नवं नाव देऊन विका, असे प्रयत्न तिथे झाले. मासा अजून धरणात आहे.

तो उजनीत उडून आला नाही. ‘काच साफ करणारा मासा’ म्हणून दुकानात बोटाएवढा विकत मिळतो, घरातल्या टाकीत वितीहून मोठा होतो, मग कुणीतरी ‘जीव वाचवला’ म्हणत त्याला नदीत सोडून येतं. दुकानदाराने विकतानाच त्याची पूर्ण वाढलेली लांबी पट्टीवर दाखवली तर निम्मे लोक तिथेच गप्पी घेऊन घरी जातील.