खाडा पडल्यावर जीव घाबरा होणं ही निष्ठा नव्हे

जिमच्या आणि रनिंगच्या ग्रुपांवर एक संदेश वर्षभर फिरत असतो, पावसाळ्यात जरा जास्तच. त्यात म्हटलेलं असतं की व्यायाम हे जगातलं एकमेव चांगलं व्यसन आहे. एक दिवस चुकला आणि चैन पडली नाही, तर तुमची निष्ठा खरी. तीन दिवस सोडलं तर महिन्यांची मेहनत पाण्यात. आणि रोज घाम गाळणाऱ्याच्या वाऱ्यालाही नैराश्य उभं राहत नाही.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण घोटा मुरगळलेल्या, डेंग्यूतून नुकत्याच उठलेल्या किंवा आजारी आईच्या उशाशी बसलेल्या माणसालाही तो मिळतो आणि त्याला अपराधी वाटायला लावतो. म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

‘चांगलं व्यसन’ ही कल्पना जुनी आहे. विल्यम ग्लासर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९७६ मध्ये धावण्याचं असंच कौतुक केलं होतं. पुढे तीनच वर्षांनी विल्यम मॉर्गन या क्रीडामानसशास्त्रज्ञांनी तिची दुसरी बाजू दाखवली. दुखापत अंगावर काढून धावणारे, डॉक्टरांनी थांबा म्हटल्यावरही न थांबणारे, नोकरी आणि घर दोन्ही धावण्यामागे ढकलणारे लोक त्यांनी पाहिले होते. ग्रुपवर फिरतो तो यातला पहिला अर्धा भाग. दुसरा कुणी पुढे पाठवत नाही.

व्यायामाच्या व्यसनाला अधिकृत आजाराचा दर्जा नाही, हे खरं आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत वर्तनाच्या व्यसनांपैकी फक्त जुगाराला जागा मिळाली. नियमित व्यायाम करणाऱ्यांत खरोखर व्यसन जडलेले थोडेच असतात, साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असा अंदाज दिला जातो. तेव्हा रोज पहाटे पाचला उठणाऱ्या प्रत्येकाला व्यसनी ठरवायचं अजिबात कारण नाही. किती किलोमीटर, किती तास, यावरून ते ठरतही नाही. शरीर किंवा घर ‘आज नको’ म्हणतं तेव्हा तुम्हाला थांबता येतं का, यावरून ठरतं. तपासणीसाठी संशोधक वापरतात त्या प्रश्नावल्याही हेच विचारतात: पूर्वीइतकंच समाधान मिळायला व्यायाम वाढवत न्यावा लागतो का, त्यावरून घरात वाद होतात का, कमी करायचं ठरवूनही पुन्हा तिथंच येता का. आणि खाण्यावर अघोरी बंधनं, वजनाची सतत धास्ती यांच्या जोडीला हा हट्ट आला, तर मूळ दुखणं बहुधा खाण्याच्या विकाराचं असतं. तरुण मुलींच्या बाबतीत पाळी बंद होणं ही धोक्याची खूण असते, आणि ती फार वेळा ‘जास्त ट्रेनिंगमुळे होतं असं’ म्हणून सोडून दिली जाते.

आता चैन न पडण्याबद्दल. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच मुद्द्यावर, कारण इथे संदेश एका साध्या शारीरिक गोष्टीला चारित्र्याचं प्रमाणपत्र बनवतो. १९७० मध्ये फ्रेडरिक बेकलँड यांनी नियमित व्यायाम करणाऱ्यांना महिनाभर थांबवून पाहिलं. त्यांची झोप बिघडली, अस्वस्थता वाढली. रोज व्यायाम करणारे लोक तर पैसे देऊ केले तरी थांबायला तयार होईनात, त्यामुळे आठवड्यातून तीन-चार दिवस करणाऱ्यांवर अभ्यास करावा लागला. २००६ च्या एका प्रयोगात चाळीस जणांपैकी काहींना दोन आठवडे व्यायाम बंद ठेवायला सांगितलं. त्यांच्यात थकवा आणि मनाची उदासी वाढलेली दिसली. हे कुणी व्यसनी नव्हते, तुमच्याआमच्यासारखे नियमित व्यायाम करणारे होते.

म्हणजे खाडा पडल्यावर चिडचिड होणं, झोप नीट न लागणं, काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटणं हे नेहमीचं आहे. त्यात शौर्य नाही आणि कमकुवतपणाही नाही. शरीराला ठरावीक वेळी मिळणारी एक गोष्ट थांबलेली असते. शिवाय व्यायामाबरोबर बरंच काही जातं: सकाळचं ऊन, रोजची चार माणसं, दिवसाचा आकार. २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या जिम मार्चपासून थेट दसऱ्यापर्यंत बंद होत्या. तेव्हा कित्येकांचं मन खचलं आणि ‘इतकी वर्षं जोर-बैठका मारून एवढंच का?’ असं त्यांना ऐकवलं गेलं. ते अन्यायाचं होतं.

मेहनत तीन दिवसांत पाण्यात जाते, हे सरळ चूक आहे. दोन-चार आठवडे पूर्ण थांबलं तर दम कमी होतो, धावणाऱ्याला ते जाणवतं. ताकद मात्र तीन-चार आठवड्यांत फारशी घटत नाही, आणि घटलेलं परत यायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. तापात किंवा विषाणूच्या संसर्गात जोराचा व्यायाम केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. तिथे ‘एकही दिवस सोडू नका’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

अखंडपणाचं उदाहरण म्हणून रॉन हिल यांचं नाव हमखास घेतलं जातं. १९७० ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकणारे हे ब्रिटिश धावपटू डिसेंबर १९६४ पासून रोज किमान एक मैल धावले. १९९३ मध्ये मोटार अपघातात छातीचं हाड मोडलं, तरी त्यांनी खंड पडू दिला नाही. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण गोष्ट शेवटपर्यंत सांगा. जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, धावताना छातीत दुखू लागलं आणि त्यांनी तरीही मैल पुरा केला. त्यानंतर मात्र ते थांबले. पत्नी, घरचे, मित्र आणि स्वतःसाठीही थांबणं भाग होतं, असं त्यांनी सांगितलं. बावन्न वर्षांच्या त्या विक्रमात मला सर्वांत मोठा वाटतो तो हा निर्णय. आपल्या आयुर्वेदानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करायला सांगितलाय. पूर्वजांचे दाखले देणाऱ्या संदेशांतून तेवढंच नेमकं गळतं.

राहता राहिलं नैराश्य. सौम्य आणि मध्यम नैराश्यात व्यायामाचा उपयोग होतो, यात वाद नाही. पण ‘शिवत नाही’ म्हटलं की ज्याला शिवलंय तो बोलायचा बंद होतो. ज्याच्या मनाचा सगळा भार एका व्यायामावरच टेकलाय, त्याचा गुडघा गेला की आधारही जातो. म्हणून दुखापतीच्या काळासाठी आधीच सोय हवी: डॉक्टरांना विचारून पोहणं, दंडांचा व्यायाम किंवा नुसतं चालणं, आणि रनिंगच्या मित्रांना धावण्याविना भेटणं. चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. दोन आठवडे उलटूनही मन उभारी धरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलावं.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनना माझी एक विनंती आहे. कुणी ‘लिगामेंट फाटलंय, सहा आठवडे बंद’ असं लिहिलं, तर त्याखाली ‘नो एक्स्क्यूजेस’चं पोस्टर येऊ देऊ नका. त्याला फोन करा आणि रविवारच्या रननंतरच्या चहाला बोलवा.