'लाँग म्हणजे चार बाइट' हा मेसेज पुढे पाठवू नका

परवा रात्री अकराला भाचीचा फोन. "मामा, चित्र अर्धंच येतंय, त्यात काळ्या उभ्या रेघा." ती सी भाषेत चित्र दाखवणारा प्रोग्रॅम लिहितेय. कोड मागवला आणि पहिल्या दहा ओळींतच दुखणं सापडलं. तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर 'ग्राफिक्सचे सोपे नियम' असा एक मेसेज फिरतोय. पोरीने तो मुकाट पाळला आणि दोन रात्री घालवल्या.

पहिला नियम: "पिक्सेलला चार बाइट लागतात, लाँग चार बाइटचा असतो, म्हणून बफर अनसाइन्ड लाँगचा घ्या." (लाँग हा सीमधला पूर्णांकाचा प्रकार, अनसाइन्ड म्हणजे ऋण नसलेला; बफर म्हणजे चित्राचा डेटा ठेवायची मेमरीतली जागा.) साफ चूक. सी भाषा लाँगला किमान ३२ बिट, म्हणजे चार बाइट, एवढीच हमी देते. ६४-बिट विंडोजवर तो चार बाइटचा आहे, म्हणून तिथे हे चालून जातं, तेवढं मान्य. पण ६४-बिट लिनक्स आणि मॅकवर तो आठ बाइटचा असतो. भाचीचा लॅपटॉप लिनक्सचा.

१९२० × १०८० पिक्सेलच्या टेक्श्चरला (ग्राफिक्स कार्डाकडे दिलेल्या चित्राला) हवेत ८२,९४,४०० बाइट. तिचा बफर त्याच्या दुप्पट. म्हणजे चित्राची एक ओळ टेक्श्चरच्या दोन ओळी खाते, डावा अर्धा भाग एकीत, उजवा दुसरीत. प्रत्येक पिक्सेलमागे चार शून्य बाइट, त्याच त्या काळ्या रेघा. आणि चित्राच्या ५४० ओळींतच टेक्श्चर भरतं, खालचा अर्धा भाग येतच नाही.

खरा धोका दुसऱ्या नियमात आहे: "मॅलॉकला रुंदी × उंची × ४ द्या." मॅलॉक म्हणजे मेमरी मागणारं सीचं फंक्शन. भाचीने तिथे ४ ऐवजी आपल्या बुद्धीने साइझऑफ (प्रकाराचा खरा आकार बाइटमध्ये सांगणारं) वापरलं म्हणून वाचली. नाहीतर लाँगच्या पॉइंटरने (मेमरीतल्या जागेच्या पत्त्याने) लिहिताना जवळजवळ ८३ लाख बाइट हद्दीबाहेर गेले असते. प्रोग्रॅम लगेच कोसळला तर नशीब, नाहीतर दुसराच डेटा गुपचूप नासतो आणि चूक भलतीकडेच शोधत बसावं लागतं.

तिसरा नियम म्हणे, "आरजीबीएसोबत जीएल_अनसाइन्ड_इंट द्या, एक इंट म्हणजे एक पिक्सेल." आरजीबीए म्हणजे लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता हे पिक्सेलचे चार घटक. ओपनजीएलचं (ग्राफिक्स कार्डाला काम सांगायच्या प्रमाणित पद्धतीचं) स्पेसिफिकेशन उघडा. जीएलचे प्रकार म्हणजे सीचे प्रकार नव्हेत, असं प्रकारांच्या तक्त्यापाशीच स्पष्ट लिहिलंय. जीएल_अनसाइन्ड_इंट म्हणजे तिथला जीएलयूइंट, तो ३२ बिटचाच. आणि आरजीबीएसोबत तो दिला की चारही घटक प्रत्येकी चार बाइटचे धरले जातात. पिक्सेलला सोळा बाइट! ड्रायव्हर बफरच्या पलीकडचंही वाचत सुटतो.

चौथा नियम, "फ्लोट घेतला की चित्र सुधारतं." फ्लोट म्हणजे चार बाइटची दशांश संख्या. यात थोडं तथ्य आहे. एचडीआरला (खूप उजेड-अंधाराच्या चित्राला) किंवा अनेक थर मिसळताना घटकामागे आठ बिट अपुरे पडतात, रंगछटांत पट्टे दिसतात. पण साध्या फोटोसाठी चौपट मेमरी कशाला?

पाचवा नियम: "तीन बाइटचा पिक्सेल घ्या, मेमरी वाचते." वाचते. पण ओपनजीएल प्रत्येक ओळ चार बाइटच्या पटीत सुरू होते असं धरून चालतं. अनपॅक अलाइनमेंट ही त्याची सेटिंग १ केली नाही, तर चारने भाग न जाणाऱ्या रुंदीचं चित्र तिरकं होतं.

भाचीने लाँगच्या जागी यूइंट३२_टी लिहिलं. १९९९ पासून हा नेमका ३२ बिटचा प्रकार सीच्या प्रमाणित व्याख्येत आहे. चित्र पूर्ण आलं. त्या ग्रुपवर आता ती स्वतः दुरुस्ती टाकणार आहे.