‘कोकण रेल्वेचं कौतुक पुरे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की कोकण रेल्वे बांधणाऱ्या श्रीधरन यांनी एकेरी रूळ टाकला आणि कोकणी माणसाला कायमचं क्रॉसिंगला, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देत, उभं केलं. तेव्हाच दुपदरी मार्ग केला असता तर आज दिवा-सावंतवाडी पॅसेंजरवाल्यांचे हाल झाले नसते. हाल होतात, त्यात वादच नाही. पण खापर भलत्याच डोक्यावर फुटतंय.

१९९० साली नुसत्या बजेटच्या भरवशावर बसलो असतो तर हा मार्ग अजून कागदावरच असता. म्हणून कोकण रेल्वेचं वेगळं महामंडळ काढलं. ५१ टक्के वाटा केंद्राचा, उरलेला महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळचा, आणि बाकीचा बराच पैसा रोखे काढून, म्हणजे कर्जाने. तेवढ्यात ९१ बोगदे करायचे होते. त्यातला करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. दुपदरी म्हणजे हे सगळे बोगदे रुंद तरी करा, नाहीतर शेजारी दुसरे खणा.

आणि कातळ एक वेळ परवडला, सुरुंग लावल्यावर निदान उभा तरी राहतो. खरा घाम काढला तो ओल्या मातीने. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात खणावं तर वरून पुन्हा ढासळायचं. तिथे मजूर दगावले, आणि बाकी मार्ग तयार असूनही सलग वाहतूक सुरू व्हायला जानेवारी १९९८ उजाडला. त्याच बोगद्यात जुलै २०२४ मध्ये पाणी शिरलं आणि गाड्या रद्द कराव्या लागल्या. तिथे दुप्पट रुंदीचं भगदाड पाडायला हवं होतं, असं मला तरी म्हणवत नाही.

चुकलं ते नंतर, गाड्या चालवताना. कर्ज फेडायचं म्हणून मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या हव्यात. मग लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर थांबायला, कोण जाणार? पॅसेंजर. समोरून एक एक्स्प्रेस जाते, सिग्नल लालच. लोक खाली उतरून पाय मोकळे करतात, तोवर मागून आणखी एक येऊन पुढे काढली जाते. वर भाडं लावताना प्रत्यक्ष अंतरावर ४० टक्के वाढीव किलोमीटर धरलेले. थांबायचंही आम्हीच आणि जास्त मोजायचंही आम्हीच! इथे तुमच्या संतापात मीही सामील आहे.

कडवई, वेरवली, खारेपाटण अशी मधली क्रॉसिंग स्टेशनं झाल्याने थोडी उसंत मिळाली. रोहा-वीर दुपदरी झालं २०२१ मध्ये; वीरच्या खाली बहुतेक सगळा एकेरीच. रेल्वेत विलीनीकरणाला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली. ते झालं तर कर्जाचं निमित्त तरी संपेल. पण दक्षिणेच्या गाड्या तेव्हाही धावणारच, आणि कोणाला आधी सोडायचं हे कंट्रोलमध्ये बसलेला माणूसच ठरवणार.

म्हणून दुपदरीकरणाच्या निवेदनांवर मी सह्या करतो, पण माझी पहिली मागणी वेगळी आहे. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटायची, ती कोविडनंतर ठाण्याच्या पुढे दिव्याला आणून ठेवली. म्हाताऱ्या माणसांनी बोचकी घेऊन लोकलच्या गर्दीतून दिवा गाठायचं. कारण दिलं जातं लोकलच्या वेळापत्रकाचं. मान्य, मुंबईत जागा नाही. पण ती गाडी वर्षानुवर्षं त्याच मुंबईतून सुटत होती, आणि परत दादरला न्यायला एकही बोगदा खणावा लागत नाही.