चवथीच्या तोंडावर बुरशी: ब्लीचचा सल्ला का मानू नये

पावसाळा अर्धा सरून चवथीच्या साफसफाईला सुरुवात झाली, की गोव्यातल्या घराघरांत एक संदेश फिरू लागतो: भिंतीवरच्या बुरशीवर ब्लीच मारा, जोर वाढवायला त्यात व्हिनेगर घाला, सुकले की वरून बुरशीरोधक रंग लावा, कारागिराला पैसे देण्याची गरजच नाही. यातली एक सूचना जिवावर बेतू शकते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करणे भाग आहे.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. त्यात व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे आम्ल पडले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनिया असलेला द्रव पडला तर क्लोरामाइन तयार होते. लहानशा न्हाणीघरात हे वायू फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतात. हे मिश्रण कोणीही, कोणत्याही प्रमाणात करू नये.

ब्लीचने बुरशी मुळासकट जाते, हे चकचकीत लादीपुरते एक वेळ मान्य करता येईल. आपल्या जुन्या घरांच्या भिंती मात्र सच्छिद्र जांभ्या चिऱ्यांच्या आहेत आणि त्यांवरचा गिलावाही पाणी शोषतो. तेथे डाग फिका पडतो, आत रुजलेली बुरशी टिकून राहू शकते, आणि द्रावणातले पाणी उलट भिंतीत मुरते. शिवाय मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होऊ शकते. म्हणून ती मारण्यापेक्षा साबणाच्या पाण्याने घासून, पुसून काढणे आणि जागा कोरडी करणे अधिक महत्त्वाचे आहे. ओल्या किंवा बुरशी लागलेल्या भिंतीवर दिलेला रंग, डब्यावर काहीही लिहिलेले असो, पोपडे धरून सुटतो.

राहिला कारागिराचा प्रश्न. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार साधारण 10 चौरस फुटांहून कमी, म्हणजे तीन फूट लांब व तीन फूट रुंद जागेतली बुरशी बहुधा घरच्या घरी काढता येते. त्यासाठी एन-95 मास्क, रबरी हातमोजे आणि डोळे पूर्ण झाकणारा सुरक्षा-चष्मा हवा. दमा असलेल्या व्यक्तीने मात्र हे काम करू नये आणि ते चालू असताना त्या खोलीतही थांबू नये. परंतु केवळ क्षेत्रफळावरून निर्णय घेणे मला अपुरे वाटते, कारण वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून पाणी झिरपत असेल, कौल फुटले असेल किंवा जमिनीतून ओल भिंतीत चढत असेल, तर तळहाताएवढा डागही कितीही वेळा पुसला तरी परत येणारच. तेथे प्लंबर किंवा जाणता गवंडी हवा. (पांढरा, पिठासारखा थर पाण्यात विरघळला, तर ती बुरशी नसून लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार, असण्याची शक्यता अधिक, पण भिंतीत ओल आहे हे तोही सांगतो.)

चवथीपूर्वीच सगळे उरकण्याचा आग्रह येथे नडतो. भिंत भिजलेली असताना केलेले बहुतेक वॉटरप्रूफिंग नीट धरत नाही. आता डाग पुसावेत, कपाटे भिंतीपासून थोडी पुढे ओढावीत, पंखा चालू ठेवावा. बाहेरची दुरुस्ती आणि रंगकाम पाऊस संपून भिंती सुकल्यावर, दिवाळीनंतर हाती घ्यावे. काम देण्यापूर्वी पाणी नेमके कोठून येते हे दाखवायला सांगावे, आणि ते न शोधताच सगळ्या घराच्या फवारणीचा दर सांगणाऱ्याला काम देऊ नये.