आज्जीनं गोष्ट सांगायची नाही म्हणे!

मंगळवारी रात्री भाचीचा फोन आला. बेळगावात अनगोळला राहते ती. आवाज असा, की मला वाटलं घरात कुणी आजारी पडलंय. "आत्ते, मी आईंना सांगून टाकलंय, आजपासून पोराला गोष्ट सांगायची नाही. आणि घरात मराठी बंद." आई म्हणजे तिच्या सासूबाई. पोरगा साडेचार वर्षांचा, एलकेजीत. "कशाला गे?" म्हटलं, तर उत्तर न देता तिनं एक मेसेज पाठवून दिला.

मेसेजचं नाव 'पाच वर्षांच्या आत तुमचं मूल फाडफाड वाचेल : सात सोनेरी नियम'. खाली एका परदेशी विद्यापीठाचं नाव आहे. संशोधन कुणी केलं, कधी केलं, किती मुलांवर केलं, काही नाही. नियम असे : घरात मातृभाषा बंद करून फक्त इंग्रजी बोला, दोन-तीन भाषांनी मेंदूत गोंधळ होतो. गोष्ट सांगू नका, वाचून दाखवू नका, मूल ऐतखाऊ होतं. वाचताना चुकलं की तिथंच थांबवा आणि तो शब्द दहा वेळा लिहून घ्या. एक पुस्तक एकदाच. चित्रं झाकून ठेवा. रोज तासभर वाचनाचं ॲप. आणि एवढं करूनही पाच वर्षांचं मूल वाचत नसेल तर त्याच्यात दोष आहे. शेवटी नेहमीप्रमाणे, अकरा जणांना पाठवा.

मी 31 वर्षं तालुक्यातल्या मराठी शाळांत पहिली-दुसरी शिकवली. रिटायर झाल्यावर लोकांना शिकवायचं नाही असं ठरवलं होतं. पण म्हातारीची गोष्ट बंद झाली म्हटल्यावर राहवेना.

आधी एक सांगते. पोराला इंग्रजी माध्यमात घातलंय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माध्यम निवडणं आईबापांच्या हातात आहे, सर्वोच्च न्यायालयानंही 2014 मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात तेच म्हटलं. नोकरीला इंग्रजी लागतं, कचेरीत कन्नड लागतं, हे बेळगावच्या माणसाला कुणी शिकवायला नको. भांडण शाळेशी नाही. घरात काय चाललंय त्याच्याशी आहे.

शनिवारी मी अनगोळला गेले. पोरगा पायरीवर उकिडवा बसून मुंग्या बघत होता. माझ्यासमोर त्यानं विचारलं, "आई, मुंग्या रांगेतनंच का जातात? पुढच्या मुंगीला घर कसं कळतं?" भाची म्हणाली, "स्पीक इन इंग्लिश." पोरगं गप्प. परत मुंग्यांकडं बघत बसलं. नंतर दिवसभरात मी मोजलं, भाचीच्या तोंडून पोरासाठी आलेलं इंग्रजी म्हणजे कम, सिट, ईट फास्ट, डोंट टच, नो. ती बी.कॉम. आहे, तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. पण पोराशी बोलताना तिची भाषा हुकूम सोडण्यापुरती उरली होती. मुंगीबद्दल बोलायला जी भाषा येते, तीच तिनं बंद केली होती.

याचा वाचनाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. सगळा संबंध तिथंच आहे. 1986 मध्ये गफ आणि टन्मर या दोन अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं, आजही वाचनावर काम करणारे तिथूनच सुरुवात करतात. कळून वाचणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. भाचीच्या शेजारचा तिसरीतला पोरगा त्या दिवशी इंग्रजी पुस्तक घेऊन आला होता. 'द फ्रॉग इज ऑन द लॉग' त्यानं खरंच फाडफाड वाचलं. मी विचारलं, बेडूक कशावर बसलाय? खांदे उडवले. लॉग म्हणजे काय? "टीचरनी सांगितलं नाही." ओंडका हा शब्दही त्याला ठाऊक नव्हता, त्यामुळं इंग्रजी शब्द चिकटवायचा कशाला हाच प्रश्न होता. अक्षरं उलगडण्याचं काम शाळा करेल, बरंवाईट का होईना. भाषेची बाजू साडेचार वर्षांच्या पोराकडं येते कुठून? आज्जीकडून, मुंग्यांवरच्या प्रश्नांतून, 'आज भाजी का अळणी झाली' या भांडणातून. ती बाजू कापायची आणि वर वाचन वाढायची वाट बघायची, म्हणजे दूध नासवून लोण्याची वाट बघणं.

आणि हे पुण्यात कुणी केलं तर एक वेळ निभावेल. तिथं पोर घराबाहेर पडलं की दुकानाची पाटी मराठी, बसची पाटी मराठी. आमच्याकडं बाहेर जास्त करून कन्नड आणि इंग्रजी. कर्नाटकाच्या कन्नड भाषा कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनंतर तर पाटीवर 60 टक्के कन्नड हवं असा कायदाच झालाय. आमच्या पोरांना मराठी अक्षर दिसतं ते मुख्यतः घरात : 'तरुण भारत'च्या पानावर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, देवघरातल्या पोथीवर. घरात मराठी बंद केली की ती या पोरांसाठी जवळजवळ सगळीकडेच बंद होते. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक असायचं कारण नाही. आपल्याला आहे की.

गोंधळाचं म्हणाल तर खडेबाजारात तासभर उभं राहून बघावं. भाजीवाली गिऱ्हाईक बघून मराठी, कन्नड, हिंदी अशी पालटते आणि हिशेबात पाच रुपये चुकत नाही. पोरं एका वाक्यात दोन भाषांचे शब्द घालतात हे खरं, पण त्याला गोंधळ म्हणत नाहीत. जो शब्द आधी हाताला लागला तो वापरतात. लिप्यांचंही तेच. मराठीची बाराखडी आणि कन्नडचं कागुणित, म्हणजे तिकडची बाराखडी, यांची चाल एकच आहे. क ख ग घ चा क्रम तोच, व्यंजनाला स्वराची खूण लावायची रीत तीच. कन्नडमध्ये ए-ओ ऱ्हस्वही असतात, आपल्यात नाहीत, असे फरक आहेतच. पण एका लिपीत 'काना लावला की लांबवायचं' हे डोक्यात बसलेलं पोर दुसरीत नुसती नवी खूण शिकतं, नवी युक्ती नव्हे. माझ्या वर्गातला एक पोरगा सहलीला निघताना सीबीटीवर, म्हणजे आमच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, महाराष्ट्राच्या एसटीवरचं 'बेळगाव' आणि इकडच्या बसवरचं कन्नड 'बेळगावि' यांच्याकडं आळीपाळीनं बघून म्हणाला होता, "बाई, ह्यांच्यात पण ळ आहे!" त्याच ळ असलेल्या नावावरून मोठी माणसं किती वर्षं भांडतायत ते सोडा.

आता पाच वर्षांची मुदत. इथं मला खरोखर राग येतो, कारण या वाक्यानं आया रात्री झोपत नाहीत. वाचनाच्या अभ्यासक सोनाली नाग यांचा कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवरचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याच राज्यातली मुलं, आणि आपल्यासारखीच अक्षरांची लिपी. त्यांना आढळलं ते असं, की या लिपीत अक्षरओळख पहिलीत संपत नाही, पुढची काही वर्षं, चौथीपर्यंतसुद्धा चालू राहते. शब्दातला एकेक सुटा ध्वनी वेगळा ओळखणंही हळूहळूच येतं. मुलं मंद असतात म्हणून असं होत नाही. इंग्रजीची अक्षरं 26. आपल्या 36 व्यंजनांना 12 स्वरचिन्हं लावून बघा, 432 होतात, जोडाक्षरं वेगळीच. त्यात 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि उच्चार नंतर, 'चाक'मधला च वेगळा आणि 'चार'मधला वेगळा. हे साडेचार वर्षांच्या डोक्याला हळूहळूच उलगडायचं. दुसरीच्या दिवाळीनंतर एकदम वाचत सुटलेली मुलं मी वर्षागणिक पाहिलीत. ज्यांना पहिलीत 'हे काही वाचणार नाही' म्हणून ऐकवलं होतं, त्यातलीच कितीतरी.

भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. मुलांना वाचता-मोजता किती येतं ते बघणाऱ्या 'असर' या पाहणीत 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी 27 मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तेव्हा चिंता करायचीच असेल तर दुसरी-तिसरीत करा. तोवरही अक्षरं लागत नसतील तर आधी डोळे आणि कान तपासा, मग वाचनदोषाच्या जाणकाराला दाखवा. पाच वर्षांच्या पोरावर शिक्का मारायचा हक्क कुठल्याही मेसेजला नाही.

वाचून दाखवलं की मूल ऐतखाऊ होतं म्हणे. ताटात वाढून दिलं म्हणून कुणी जेवायचं विसरलंय काय? भाचीच्या सासूबाई चौथी शिकलेल्या. दुपारी 'तरुण भारत' घेऊन बसतात, शब्दाखाली बोट सरकवत, ओठ हलवत वाचतात. पोरगा मांडीवर असतो. त्याला कुणी न शिकवता कळलंय, की वाचायचं डावीकडून उजवीकडं, ओळ संपली की खाली, आणि या काळ्या रेघांतून माणसांची बोलणी निघतात. रात्री गोष्ट चिऊ-काऊचीच असते. कावळा दार वाजवतो, आज्जी थांबते, आणि चिऊ आत काय करतेय ते पोरगा सांगतो. रोज एक काम वाढवतो. परवापरवा चिऊ बाळाला डॉक्टरकडे नेऊन आली होती. गोष्ट पुढं काय होईल, कोण कुणाला का म्हणालं, हे धरून ठेवणं ही अर्धी वाचनाचीच तयारी, आणि ती आज्जी फुकटात करून घेत होती.

चुकीला दहा वेळा लिहायचा नियम ज्यानं काढला त्यानं कधी लहान पोराजवळ बसून वाचलेलं नाही. पोर 'कमळ'ला 'कमल' म्हणालं तर पुढं जाऊ द्या. अर्थ बिघडेल असं चुकलं तर मनात पाचपर्यंत मोजा, बऱ्याचदा तेच मागं येतं. नाही आलं तर शब्द सांगा आणि चला पुढं. दर ओळीला लिहायची शिक्षा मिळाली की पोरगं एक गोष्ट नक्की शिकतं, पुस्तक दिसलं की लघवीला जायचं.

एक पुस्तक एकदाच? पोरांना तेच ते हवं असतं, आणि त्यांचंच बरोबर असतं. दहाव्यांदा ऐकताना पोर शब्द ओळखायला लागतं. आज्जीनं झोपेच्या भरात पान उडवलं तर "पान चुकलं" म्हणून उठून बसतं. यापुढं दुसरी परीक्षा कशाला हवी?

चित्रांच्या नियमात मात्र थोडं तथ्य आहे, कबूल करते, जिवावर येऊन. पोरगं पाण्याचा नळ बघून 'जल' या शब्दाला 'नळ' वाचतं तेव्हा ते वाचत नसतं, अंदाज मारत असतं. त्याला शब्दावर बोट ठेवून 'पहिलं अक्षर कुठलं?' विचारायलाच हवं. पण त्यासाठी चित्र झाकायचं? चित्रावर आधी पोटभर बोला, मग शब्दाकडं वळा.

ॲपचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांत तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास मोबाईल-टीव्हीचा पडदा, कमी तितका बरा, असं आहे. आणि बसल्या वेळी घरच्या माणसासोबत वाचणं आणि गोष्टी सांगणं चांगलं, असं त्याच सूचना सांगतात. म्हणजे मेसेजनं सगळा तास ॲपला दिला आणि आज्जीला घराबाहेर काढलं.

हे सगळं भाचीला सांगितल्यावर तिनं विचारलं, "मग किती वेळ वाचायचं, ते तरी सांग." मी म्हटलं, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. पोरगा उठून गेला तर दोन. पुस्तक मराठी असो, कन्नड असो, इंग्रजी असो, बोलणं मात्र तुला येतं त्या भाषेत. इंग्रजी पुस्तक वाचून मराठीत गप्पा मारल्यास कुठला साहेब येऊन दंड करत नाही. पुस्तकं विकत घ्यायचीही गरज नाही, गणपत गल्लीत सार्वजनिक वाचनालय आहे, रविवारी बाजाराला जातेसच.

आज्जीची गोष्ट शनिवारपासून पुन्हा चालू झाली. पण मेसेज भाचीनं आधीच अकरा जणांना पाठवलेला होता. नऊ जणांना तिनं स्वतः फोन करून 'ते काही खरं नाही' म्हणून सांगितलं. दहावी तिची मुंबईची नणंद, ती ऐकत नाही. अकराव्या म्हणजे पोराच्या वर्गातल्याच टीचर. त्यांनी मेसेजला 'लाईक'चा अंगठा दिलाय, आणि आता तो परत घ्यायला कसं सांगायचं, हे विचारायला भाचीचा आज पुन्हा फोन आला होता.